आवाज बंद, हात चालू

दादाने पाठ फिरवली.

ऐकू येणाऱ्या घरात माणूस चिडला की दार आपटतो, भांडी आदळतो. बहिऱ्या माणसाला एवढा खटाटोप लागत नाही. तो नुसता पाठमोरा झाला की समोरच्याची बोलती बंद. खळी त्याच्या लाँड्रीत उभी होती, हात अर्ध्या वाक्यात हवेत थांबलेले, आणि वहिनी कधी नवऱ्याकडे तर कधी नणंदेकडे बघत होती.

लाँड्रीतली दोन्ही मोठी मशीनं आ वासून पडली होती. हॉटेलांच्या चादरींचा ढीग भिंतीला टेकून खांद्याएवढा झाला होता आणि त्याला परक्यांच्या घामाचा, अत्तराचा, सांडलेल्या कॉफीचा कुबट वास मारत होता. मशीनमध्ये साबणाची पावडर टाकून ठेवलेली होती, कोरडीच. सकाळी पाणी आलंच तर लगेच चालू करता यावं म्हणून वहिनी रोज टाकायची आणि रोज चमच्याने परत काढायची. नळ नुसता फुसफुसत होता, आणि तेही ऐकू येत होतं एकट्या खळीला.

ती वळसा घालून दादाच्या समोर गेली. त्याने डोळे मिटले. तिने त्याचा दंड धरून गदगदा हलवला तेव्हा कुठे ते उघडले.

"मी नाही सांगितलं दुरुस्ती आहे म्हणून," खळीचे हात म्हणाले. "नगरपालिकेने सांगितलं. मी फक्त पोचवलं."

"नगरपालिकेचं तोंड मला दिसत नाही. मला तुझे हात दिसतात." दादाचे हात साबणाने चिरा पडलेले, मोठे, रागात तो एकेक शब्द हवेत ठोकून बसवायचा. "थोडे दिवस, तू म्हणालीस. मग आणखी थोडे दिवस. मग आणखी. कुठे चाललीये दुरुस्ती? मी सगळी वस्ती फिरलो. एक खड्डा दाखव. एक फावडं दाखव."

"मला माहीत नाही, दादा."

"तुला माहीत नाही. नगरपालिकेच्या सभेत बसतेस आणि तुला माहीत नाही. मधेच ते आवाज बंद करतात, कारंज्याचं चित्र लावतात, आणि तू हात मांडीवर ठेवून बसतेस. तेव्हा काय बोलतात ते?"

"काही नाही. चहा पितात."

"चहा प्यायला आवाज बंद करावा लागतो?"

खळीने हात उचलले, पण दादा पुन्हा पाठमोरा झाला होता. तो ढिगातल्या चादरी उगाचच उचलून दुसरीकडे रचायला लागला.

खळी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. लहानपणी हसली की तिच्या उजव्या गालाला खळी पडायची. दादाने गालात बोट रुतवून ते नाव पाडलं आणि वस्तीने ते उचललं. आई बहिरी, बाप बहिरा, दादा बहिरा. चार माणसांत चालणारी कानांची जोडी एकच, आणि ती धाकटीला मिळालेली. त्यामुळे पाच-सहा वर्षांची असल्यापासून घरमालकाशी, डॉक्टरशी, दारावर आलेल्या कुणाशीही बोलायचं ते तिनेच. पण भाषा तिला दादाने शिकवली. शाळेतून आला की तिला समोर बसवून तो एकेक खूण दहादा करून घ्यायचा, चुकली की टपली मारायचा. आज ती गावातली एकुलती एक सरकारमान्य दुभाषी होती ती त्या टपल्यांमुळे. आणि आज तोच दादा म्हणत होता की तुझे हात खोटं बोलतात.

बहिऱ्यांची जुनी शाळा खालच्या वस्तीत होती. शिकून मोठी झालेली मुलं तिच्या आसपासच स्थिरावली, एकमेकांशी लग्नं केली, धंदे टाकले. त्यामुळे वस्तीत दर दुसऱ्या घरात कुणी ना कुणी बहिरं. नगरपालिकेने हे हेरलं आणि आपल्या सभा थेट प्रक्षेपणात दाखवताना कोपऱ्यात दुभाषीची चौकट सुरू केली. ‘खुली सभा’ असं त्याचं नाव. पारदर्शक कारभारासाठी बक्षिसाची ढाल मिळाली, पर्यटन विकासासाठी मोठं अनुदान मिळालं. अनुदानाची अट एवढीच की सभा चालू असेपर्यंत कोपऱ्यातली चौकट काढायची नाही.

त्या अनुदानातून तळ्याकाठी नाचतं कारंजं उभं राहिलं. मग हॉटेलं आली, फिरायचा रस्ता आला, रंगीत दिवे आले. गावाचं नवं घोषवाक्य आलं: ‘पाण्याचं गाव’. बसथांब्यांवर मोठमोठी पोस्टरं लागली आणि एके सकाळी भाजी घेऊन येताना खळीला त्यातल्या एकावर स्वतःचंच तोंड दिसलं. मागे कारंजं, पुढे तिचे उघडे हात, खाली अक्षरं: ‘सर्वांसाठी खुलं’. तिला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा ती हसली होती. वस्तीतही चेष्टा झाली. सभेत आवाज बंद असताना पडद्यावर कारंजं नाचायचं आणि कोपऱ्यात ही हात बांधून बसलेली. लोक म्हणायचे, बघा, खळी कारंज्याखाली आंघोळीला बसली.

आता वस्तीला आंघोळीला पाणी नव्हतं आणि ती चेष्टा कुणी करत नव्हतं.

लाँड्रीतून खळी तडक नगरपालिकेत गेली. प्रसिद्धी अधिकाऱ्याची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून तळं दिसणारी. माणूस तिशी ओलांडलेला, बोलायला गोड, शर्टाच्या बाहीची घडी अशी की कागद कापावा. वस्तीने त्याला ‘इस्त्री’ अशी खूण दिली होती. त्याला अर्थातच पत्ता नव्हता.

"या या मॅडम, बरं झालं आलात," इस्त्री म्हणाला. "नवी फिल्म करतोय. कारंज्यासमोर उभं राहून ‘पाण्याचं गाव’ हे तुमच्या भाषेत करायचं. जरा हसायचं. ती खळी पडते ना तुम्हाला, कॅमेऱ्यात फार छान येते."

"साहेब, खालच्या वस्तीत नेमका कुठला पाइप फुटलाय?"

"म्हणजे?"

"दुरुस्ती चालू आहे ना. कुठे चालू आहे?"

त्याचं हसू जागचं हललं नाही. "नोटीस वाचली ना तुम्ही?"

"वाचली. हातांनी सांगितलीही. परत परत."

"मग झालं तर."

"लोक मला विचारतायत."

"मॅडम, तुम्ही दुभाषी आहात. पोस्टमन काय पत्र फोडून वाचत बसतो का? टाकतो आणि पुढे जातो."

"पोस्टमनला पत्र वाचावं लागत नाही. मला वाक्य आधी कळावं लागतं, मग ते सांगता येतं. ते माझ्या आतून जातं, साहेब."

"किती सुंदर बोललात!" इस्त्रीने खरोखरच कागद ओढून ते लिहून घेतलं. "हे फिल्ममध्ये वापरू. आणि हे बघा, सीझन आहे. बाहेरून माणसं येतायत. अशा वेळी गावाबद्दल चांगलंच बोलायचं असतं. तुम्ही तर गावाचा चेहरा आहात."

खळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लहानपणापासून दुसऱ्यांचं बोलता बोलता स्वतःचं गिळायची तिला अशी काही सवय लागली होती की ती "येते" म्हणून बाहेर पडली. जिन्यात पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर भेटला. तिने त्यालाही विचारलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

"मला विचारू नका, ताई. वरून आहे."

"काय वरून आहे? पाणी की हुकूम?"

तो दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

सभा दुसऱ्या दिवशी होती. सभागृहात घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, प्रत्येकापुढे माइक, माइकवर लाल दिवा. खळीची जागा बाजूला, निळ्या पडद्यासमोर, एका उंच स्टुलावर. तिच्यासमोर छोटा स्क्रीन असायचा, त्यात लोकांना जे दिसतं तेच तिलाही दिसायचं: मोठ्या चित्रात सभा, कोपऱ्यात ती.

सुरुवातीला हंगामाचा आढावा झाला. यंदा गर्दीने उच्चांक गाठला. टाळ्या. इस्त्रीचं अभिनंदन. पुन्हा टाळ्या. खळीने टाळ्यासुद्धा सांगितल्या, बोटं नाचवून. मग खालच्या वस्तीचा नगरसेवक उठला. कुणीतरी मागून ढोसल्यासारखा उठला, आणि कागदात तोंड घालून त्याने विचारलं, "वॉर्डातील जलवाहिनीची दुरुस्ती केव्हा पूर्ण होणार, याचा खुलासा व्हावा."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "हा विषय जरा अंतर्गत आहे. आवाज बंद करा."

कॅमेरावाल्याने बटण दाबलं. लाल दिवे विझले. स्क्रीनवर कारंजं नाचायला लागलं आणि कोपऱ्यातल्या चौकटीत खळी तशीच राहिली. आवाज बंद केला की सगळं बंद झालं, असंच त्या खोलीतला प्रत्येक जण समजत आला होता. खळीसुद्धा. तिने हात मांडीवर ठेवले.

"बोला," अध्यक्ष इंजिनिअरला म्हणाले.

"साहेब, दुरुस्ती काहीच नाही. व्हॉल्व्ह बंद केलाय. उघडला तर तळ्याकाठच्या हॉटेलांना दाब मिळणार नाही, वरच्या मजल्यांवर पाणी चढणार नाही."

"मग बंदच राहू दे. सीझन संपला की बघू."

"पण मी लोकांना काय सांगू?" नगरसेवक कळवळला. "मला तिथे तोंड दाखवायचंय."

"दुरुस्तीच सांगा," इस्त्री म्हणाला. "तीच नोटीस तारीख बदलून काढतो. आपल्या मॅडम आहेत ना, त्यांनी सांगितलं की तिथे विश्वास बसतो. आपलं माणूस वाटतं."

खळीने स्क्रीनकडे बघितलं. पाण्याच्या निळ्या-गुलाबी धारा उडत होत्या आणि खाली एक बाई शहाण्यासारखी हात जुळवून बसली होती. आत्ता, या घटकेला, दादा लाँड्रीतल्या टेबलावर मोबाइल उभा करून हेच बघत असणार. शेजारी वहिनी. चप्पलवाला, चौकातला फोटोग्राफर, शाळेतले म्हातारे सर, सगळे. वाट बघत असणार, की हिने हात उचलावेत आणि सभा पुन्हा सुरू व्हावी.

सभा बंद झालीच कुठे होती?

तिने हात उचलले. मागचंही सोडलं नाही, पहिल्यापासून घेतलं. इंजिनिअर: दुरुस्ती नाही. व्हॉल्व्ह बंद. अध्यक्ष: सीझन संपेपर्यंत बंदच. इस्त्री: तीच नोटीस, तारीख बदलून. आणि मग तिने स्वतःची खूण केली, गालात बोट रुतवून: खळीने सांगितलं की त्यांना खरं वाटतं.

"लोक ओरडले तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"ओरडणार कोण, साहेब?" इस्त्री खुर्चीत रेलला. "अर्ध्या वस्तीला तोंडच नाहीये."

टेबलावर हशा पिकला. अध्यक्ष हसले. इंजिनिअर खाली मान घालून हसला. वस्तीचा नगरसेवकसुद्धा हसला, जरा हळू, शोभेल इतपत.

खळीने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या भाषेत अर्धं वाक्य चेहऱ्यावर असतं. म्हणून तिने इस्त्रीचं ते हसूही चेहऱ्यावर घेतलं, ते खुर्चीत रेलणंही घेतलं. मग कोण कोण हसलं ते सांगितलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही. बोटं स्वच्छ चालली होती. अशी स्वच्छ ती गेल्या कित्येक महिन्यांत चालली नव्हती.

कॅमेरावाल्याचं लक्ष गेलं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग स्क्रीनकडे, मग टेबलाकडे. त्याचा हात बटणापर्यंत गेला. तिथून तो परत आला आणि खिशातला रुमाल काढून त्याने सावकाश मान पुसली. कानाडोळा करायची संधी माणसाला रोज मिळत नाही.

लाल दिवे पुन्हा लागले. "नगरसेवकांचं समाधान झालं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय, तळ्याकाठच्या बाकांचा रंग."

खळीने तेही सांगितलं. समाधान झालं आहे. बाकांचा रंग. एक म्हणाला निळा, दुसरा म्हणाला निळ्यावर धूळ दिसते. त्यावर बराच वेळ काथ्याकूट झाला. हिरव्यावर मतदान व्हायच्या बेतात होतं, तेवढ्यात शिपाई आत आला आणि अध्यक्षांच्या कानाशी वाकला. पण माइक चालू असल्यामुळे त्याचं कुजबुजणं सगळ्या गावाला ऐकू गेलं.

"साहेब, माणसं आलीत. काही बोलत नाहीत. जिना भरलाय."

दार ढकलून दादा आत आला. बाह्या दुमडलेल्या, लाँड्रीचा ॲप्रन तसाच. त्याच्यामागे वहिनी, चप्पलवाला, फोटोग्राफर, काठी टेकत शाळेचे सर. मग ऐकू येणारे शेजारीही, कारण तोवर वस्तीत ज्याला दिसलं त्याने ज्याला ऐकू येतं त्याला सांगून झालं होतं. एरवी उलटं व्हायचं. माणसं भिंतीला लागून उभी राहिली. एकाचाही आवाज नाही, आणि तेच टेबलावरच्यांना सहन होईना.

इस्त्री कॅमेरावाल्याला डोळ्यांनी खुणावत होता, बंद कर, बंद कर. अध्यक्षांनी हात वर केला. "राहू द्या चालू. आता बंद केलं तर जास्त बोभाटा होईल." मग तोंडावर हसू आणून ते खळीकडे वळले. "मॅडम, विचारा त्यांना, काय सेवा करू शकतो आपण?"

खळी स्टुलावरून उतरली. दादाने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि अध्यक्षांसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे हात सुरू झाले, आणि तिला आवाज द्यावा लागला. दुभाषी समोरच्याचं बोलताना ‘तो म्हणतो’ असं म्हणत नाही, ‘मी’ म्हणते. तो नियमच आहे.

"मी लाँड्री चालवतो," खळी म्हणाली. "तुमच्या हॉटेलांच्या चादरी मी धुतो. तुमच्या पाहुण्यांची घाण माझ्या दुकानात कुजतेय, कारण माझं पाणी तुम्ही त्या पाहुण्यांना दिलंय. पाणी कमी आहे म्हणाला असतात तर मी वेळ बदलली असती, पहाटे उठलो असतो, शेजाऱ्यांशी वाटून घेतलं असतं. तुम्ही मला खोटं सांगितलंत. आम्ही रोज सकाळी मशीनमध्ये साबण टाकला. रोज. तुम्ही मला वेडा केलंत."

"हा काहीतरी गैरसमज..." अध्यक्ष म्हणाले. खळीने ते दादाला सांगितलं. दादाने मान झटकली.

"आणि तुम्ही मला माझ्या बहिणीच्या हातांनी फसवलंत," खळी बोलत गेली, आणि इथे तिचा आवाज चिरकला. दादा थांबला नाही, म्हणून तिलाही थांबता येईना. "तिला भाषा मी शिकवली. ती तुम्ही विकत घेतलीत आणि माझ्यावरच चालवलीत. आणि तिने चालवू दिली. ती इतके दिवस हात मांडीवर ठेवून बसली, आणि मी विचारलं तर मला म्हणाली, ते चहा पितात. मी तिच्यावर रागावलोय. तुमच्यावर रागावलोय त्याहून जास्त."

 टेबलावरच्या काहींना आत्ता कळलं की ही बाई आणि हा धोबी भाऊ-बहीण आहेत. खळीचे डोळे भरले होते, पण ते पुसले तर दादाच्या हातांवरून नजर हटली असती.

दादा आता इस्त्रीकडे वळला. त्याने स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. खळीने शब्द दिले: "हे तोंड. आहे. नीट बघ."

आणि दादा ओरडला.

खळीने भावाचा आवाज लहानपणी ऐकला होता. शाळेजवळच्या मैदानात एकदा तो आनंदाने ओरडला तेव्हा रस्त्यावरची पोरं त्याची नक्कल करत घरापर्यंत मागे आली होती. त्यानंतर त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. हा आवाज जाडा होता, वेडावाकडा, छातीच्या तळातून खरवडून काढलेला, चढत जाणारा. माइक किंचाळले. वहिनीने त्याच्याकडे बघितलं आणि तीही ओरडली. मग चप्पलवाला. मग सर, काठी जमिनीवर आपटत. ज्यांनी आयुष्यभर स्वतःचा आवाज लाज म्हणून लपवला ती सगळी माणसं एका खोलीत एकदम ओरडत होती आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. इंजिनिअरने कानांवर हात ठेवले.

"काय म्हणतायत ते?" अध्यक्ष जवळजवळ किंचाळले. "मॅडम, काय म्हणतायत?"

"काही म्हणत नाहीयेत," खळी म्हणाली. "ओरडतायत. मघाशी विचारत होतात ना, ओरडणार कोण?"

हे मात्र तिचं स्वतःचं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीत पाणी आलं. धो धो आलं. आणि पाठोपाठ नोटीस आली: ‘जलवाहिनीची दुरुस्ती वेळेआधी पूर्ण. नागरिकांच्या सहकार्याबद्दल आभार.’ ती वाचून खळीने कागदाचा बोळा केला आणि तो एवढ्या जोराने फेकला की खांदा दुखावला. खोटं हरलंच नव्हतं. अंगावरची धूळ झटकून, नवी तारीख घालून ते पुन्हा फिरायला लागलं होतं.

तिचं काम गेलं. कारण शिष्टाचारभंग. चौकशी समिती बसली. तिने सांगितलं की सभेत बोललं गेलं त्यातलं अक्षर मी सोडलं नाही, अक्षर घातलं नाही, तुमच्याकडे चित्रण आहे, कुठलाही दुभाषी आणा आणि वाचून घ्या. समितीने लिहिलं की सदर वेळेचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही आणि हातवारे हा पुरावा धरता येत नाही. ज्या हातांमुळे ढाल मिळाली होती ते आता हातवारे झाले. नगरसेवक एका संध्याकाळी घरी आला, मी मनापासून हसलो नव्हतो एवढं समितीला सांगाल का, म्हणून. खळीने त्याला दारातूनच वाटेला लावलं. बसथांब्यांवरची तिची पोस्टरं उतरली आणि तिथे कुठल्याशा मॉडेलचे हात आले. ते हात काहीच म्हणत नव्हते. नुसतेच सुंदर होते.

दादाच्या लाँड्रीला पाणी मिळालं, पण हॉटेलांनी चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं, का सांगितलं, कुठे काही लिहिलेलं नव्हतं. वहिनीने दारात पाटी लावली, घरचे कपडे धुऊन मिळतील. दादा खळीशी बोलायचा, पण कामापुरतं. हात छातीच्या वर उचलायचा नाही. ती रोज जायची, कपड्यांच्या घड्या घालायची. माफी मागायचा तिने एकदा प्रयत्न केला. त्याने तिचे हात धरून खाली केले आणि म्हणाला, "नंतर. अजून राग आहे." तिला ते बरं वाटलं. निदान खरं होतं.

पुढच्या सभेआधी नगरपालिकेने नवा नियम जाहीर केला. यापुढे अंतर्गत चर्चेच्या वेळी आवाजाबरोबर चित्रही बंद राहील. वर मथळा होता: ‘अधिक पारदर्शक सभेसाठी’. पण सभागृहात बसायला नागरिकांना मज्जाव करणारा नियम काही त्यांना सापडला नाही. दादा, वहिनी, सर, चप्पलवाला आणि वस्तीतली बरीच माणसं जाऊन पुढच्या रांगांत बसली. खळी त्यांच्यासमोर, अध्यक्षांकडे पाठ करून उभी राहिली.

"बाई, तुमची नेमणूक संपली आहे," अध्यक्ष म्हणाले.

खळीने ते आधी हातांनी लोकांना सांगितलं, मग मान वळवून म्हणाली, "हो. म्हणून आता आवाज बंद असताना सांगितलं तरी पगार कापायची भीती नाही. चालू द्या."

अंतर्गत चर्चा त्या दिवशी झालीच नाही. अध्यक्षांना घाई आठवली. पाण्याचा विषय निघाला, दाबाचे आकडे द्यावे लागले, हॉटेलांना किती आणि वस्तीला किती ते इंजिनिअरला उभं राहून सांगावं लागलं, आणि ते ऐकताना वरच्या भागातले दोन नगरसेवकही चपापले. निर्णय काही झाला नाही. तहकूब. इस्त्रीने पूर्ण वेळ मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

परत उतरताना दादाने तिला रस्त्यातच थांबवलं. बहिऱ्यांना चालता चालता भांडता येत नाही. समोरासमोर उभं राहावं लागतं.

"‘दाब’ काय केलंस ते?" तो म्हणाला. हात पूर्ण वर, छातीच्या वर. "‘दाब’ असा? एवढा राग घातलास त्यात की मला वाटलं कुणाचा गळा दाबतायत. अर्धं वाक्य माझं निसटलं."

"राग होता म्हणून आला!"

"राग माझा. तुझं काम सांगायचं. पुन्हा कर. नीट कर."

तिने केलं. त्याने मान हलवली, नाही. तिने पुन्हा केलं. तिचे खांदे भरून आले होते, दिवसभर उभं राहून पाय सुजले होते, आणि हा रस्त्याच्या मधोमध तिची परीक्षा घेत होता. तिने त्याला चार शब्द सुनावले. त्याने पाच परत केले. वहिनी दोघांच्या बाह्या ओढत होती.

मागे पर्यटकांची मोठी बस येऊन थांबली होती, तळ्याकडे निघालेली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तिघांत तो ऐकू येत होता फक्त खळीला, आणि तिला बाजूला व्हायचं नव्हतं.